औषध किती वाजता दिलं?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. दिवाळीनंतर समुद्रात असताना एका रात्री जेवण झाल्यावर त्याच्या पोटात दुखायला लागलं. ‘पोटातसून पाठीत आरपार जाता’ म्हणत होता. बोट खूप आत होती, बंदराला लागायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. इथे पित्ताचं इंजेक्शन घेतलं, तरी रात्रभर उलट्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कणकवलीत रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे आणि स्वादुपिंडाला सूज. तिथून थेट गोव्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, बांबोळीला नेला. आयसीयूत होता, ऑक्सिजन लावला होता, लघवी कमी झाली होती. तीन-एक आठवड्यांनी घरी आणला. आता जेवतो-खातो. डॉक्टरांनी दीड-दोन महिन्यांनी सीटी स्कॅन करून पित्ताशय काढून घ्यायला सांगितलंय, तर हा म्हणतो, जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली की बघू. अशात पुतण्याने मोबाईलवर बातमी पाठवली, की एका वनस्पतीच्या अर्काने उंदरांमधला गंभीर स्वादुपिंडदाह बरा झाला. ओळखीचे एक गृहस्थ त्याच वनस्पतीचं चूर्ण आणून देतो म्हणतात. द्यावं का? आणि उंदराला हा आजार होतो कसा, तो बरा झाला हे कळतं कसं, तेही सांगा.
– एक वाचक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : ताई, चूर्ण देऊ नका, आणि पित्ताशयाचं ऑपरेशन जूनवर ढकलू देऊ नका. एवढं आधी सांगून टाकते. आता सविस्तर.

मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. असे प्रयोग आमच्या विभागात व्हायचे, त्यामुळे तुम्ही विचारलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उंदराला हा आजार आपसूक होत नाही, तो करावा लागतो. स्वादुपिंडातून रोज जे पाचकरस निघतात ते तिथे निष्क्रिय असतात आणि आतड्यात पोहोचल्यावर जागे होतात. ते स्वादुपिंडाच्या पेशीतच जागे झाले तर ती ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच हे मांडलं होतं. तुमच्या भावाच्या बाबतीत पित्ताशयातला खडा घरंगळत खाली आला आणि नळीच्या तोंडाशी अडकला, तिथून हे सगळं सुरू झालं. उंदरात तेच घडवण्यासाठी तीन-चार वाटा आहेत.

सगळ्यात वापरातली वाट सेरुलिनची. ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या झाडबेडकाच्या कातडीत हा पदार्थ सापडला. आपल्या शरीरात जेवणानंतर स्वादुपिंडाला ‘रस सोड’ म्हणून सांगणारं एक संप्रेरक असतं, त्याच्याशी याचं साम्य आहे. उंदराच्या वजनाच्या किलोमागे ५० मायक्रोग्रॅम, दर तासाला एक, अशी सहा-सात किंवा त्याहून जास्त इंजेक्शनं पोटात देतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त हुकूम मिळाल्याने पेशी गोंधळतात आणि रस आतच जागे होतात. दुसरी वाट एल-आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या मोठ्या डोसची. तिसरी म्हणजे पोट उघडून स्वादुपिंडाच्या नळीत पित्तातला क्षार उलटा भरायचा. या शेवटच्या दोन वाटांनी होणारा आजार खरोखर भयानक असतो, ग्रंथीचे भाग मरतात, उंदीरही दगावतात.

निरोगी उंदराचं स्वादुपिंड हातात घेतलं तर ते आपल्यासारखं घट्ट नसतं. आतड्याच्या वळणापासून प्लीहेपर्यंत पसरलेलं पातळ, फिकट गुलाबी, पानापानांचं असतं. सेरुलिन दिलेल्या उंदराचं पोट उघडलं की त्या पानांच्या मधल्या फटींत पाणी भरलेलं दिसतं, सगळी ग्रंथी काचेसारखी चकाकते आणि ताटलीत ठेवली तर लिबलिबते. ती लगेच तराजूत ठेवतात, कारण वाढलेलं वजन म्हणजे सूज. स्वादुपिंडातले अमायलेज आणि लायपेज हे पाचकरस रक्तात किती उतरलेत ते मोजतात. तुमच्या भावाचं कणकवलीत मोजलं तेच. मग ग्रंथीचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि सूज किती, पांढऱ्या पेशी किती, मेलेला भाग किती, रक्तस्राव किती याला गुण देतात. गुण देणाऱ्याला कुठला काप कुठल्या उंदराचा हे ठाऊक नसलं पाहिजे. फुप्फुसंही तपासतात, कारण गंभीर आजारात माणूस बहुतेक वेळा स्वादुपिंडाने नव्हे, तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बंद पडल्याने जातो. तुमच्या भावाला ऑक्सिजन का लावला आणि लघवी मोजायची पिशवी का होती, ते यावरून लक्षात येईल. अवयव ४८ तासांपेक्षा जास्त काळ निकामी राहिला तर आजार ‘गंभीर’ म्हणायचा, असं या आजाराच्या २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणात ठरलं आहे.

आता बातमीकडे येऊ. अशी बातमी आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो : औषध किती वाजता दिलं?

प्रयोगशाळेत सगळं घड्याळावर चालतं. समजा सकाळी नवाला सेरुलिनचं पहिलं इंजेक्शन, मग दहाला दुसरं, अकराला तिसरं. दुपार टळेपर्यंत आजार पुरता तयार होतो. कितीतरी शोधनिबंधांत तपासायचं औषध आठ वाजताच देऊन झालेलं असतं. काहींत तर आठवडाभर आधीपासून रोज पाजलेलं असतं. म्हणजे आग लागण्याआधी भिंती ओल्या करून ठेवल्या होत्या. मग सूज कमी आली यात नवल काय? आता तुमच्या भावाचं घड्याळ मांडून बघा. रात्री जेवणानंतर दुखायला लागलं. बंदर दुसऱ्या दिवशी दुपारी. निदान तिसऱ्या दिवशी सकाळी. बांबोळीला पोहोचेपर्यंत दीड दिवस कधीच उलटून गेला होता. त्याला दुखण्याच्या एक तास आधी औषध कोण देणार होतं, आणि कशासाठी? देवगडपासून तारकर्लीपर्यंत कुठलाही रुग्ण घ्या, तो दुखायला लागल्यावरच येतो, आणि आपल्याकडे रस्ता, बोट, रात्र यांत आणखी तास जातात. म्हणून ज्या प्रयोगात औषध आजार सुरू झाल्यावर, तेही काही तासांनी दिलं असेल, त्याच प्रयोगाकडे मी रुग्णाच्या दृष्टीने बघते.

दुसरी एक गोष्ट बातमीत हमखास सुटते. सेरुलिनने होणारा उंदरांचा आजार बहुतेकदा सौम्य असतो आणि इंजेक्शनं थांबली की काही दिवसांत ग्रंथी आपली आपण सुधारते. तेव्हा ‘उंदीर बरे झाले’ याच्या शेजारी ‘औषध न दिलेल्या उंदरांचं काय झालं’ हेही छापलेलं हवं. मथळ्यात ‘गंभीर’ असेल, पण आजार कुठल्या पद्धतीने केला ते वाचल्याशिवाय त्या शब्दाला वजन देऊ नका. हळदीतल्या कर्क्युमिननेही उंदरांमधली सूज कमी झालेली आहे. म्हणून कुणी तांडेलाला आयसीयूत हळद पाजत नाही.

उंदरांवर चाललेलं माणसावर का चालत नाही, याचं एक उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगायचे, कारण ते मनाला लागतं. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी विचार केला की गंभीर स्वादुपिंडदाहात आतड्यातले जंतू रक्तात आणि सडलेल्या ग्रंथीत शिरतात, तर चांगले जंतू, म्हणजे प्रोबायोटिक्स, देऊन त्यांना अडवावं. उंदरांवर फायदा दिसला होता. त्या उंदरांना प्रोबायोटिक्स आजार निर्माण करण्याच्या काही दिवस आधीपासून दिले होते. मग आजार गंभीर होण्याची चिन्हं असलेल्या २९८ रुग्णांवर चाचणी झाली, आणि निकाल २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रोबायोटिक्स घेतलेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, न घेतलेल्या गटात ६ टक्के. औषध घेतलेल्यांपैकी नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. उंदरांवरचा प्रयोग खोटा नव्हता. आधीपासून दिल्यावर काय होतं ते त्यात दिसलं, आणि माणसांना ते आजार पेटल्यावर द्यावं लागलं. दोन्हींत आणखीही फरक असतील, पण हा फरक चाचणीआधीच डोळ्यांसमोर होता. त्यातही चांगली बाजू अशी, की अर्ध्या रुग्णांना औषधाविना ठेवून, कुणाला काय दिलं हे झाकून चाचणी केली, म्हणून निदान कळलं तरी. नाहीतर ‘निरुपद्रवी’ म्हणून ते आजही घरोघरी दिलं गेलं असतं. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं चूर्णही ‘निरुपद्रवी’ म्हणूनच येतंय, ताई.

लेक्सिपाफंट नावाचं औषधही असंच. प्राण्यांवर आशादायक, आणि २००१ मध्ये ब्रिटनमधल्या २९० रुग्णांच्या चाचणीत अवयव निकामी होण्यात काही फरक नाही.

उलट उदाहरणही सांगते, म्हणजे अन्याय नको. पित्तनलिकेत दुर्बीण घालून खडे काढतात, त्या तपासणीनंतर काहींना स्वादुपिंडदाह होतो. अशा रुग्णांना तपासणी संपल्या संपल्या गुदद्वारातून इंडोमेथासिन हे दाह कमी करणारं औषध दिलं तर काय होतं, हे अमेरिकेत ६०२ रुग्णांवर पाहिलं आणि २०१२ साली छापलं. दाह झालेल्यांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आलं. इथे इजा कधी झाली ते मिनिटासकट ठाऊक असतं, म्हणून औषध त्या वेळेला गाठू शकतं. समुद्रात रात्री दुखायला लागलेल्या माणसाला ती सोय नाही.

मग आज उपचार काय? थेट स्वादुपिंडदाह थांबवणारं औषध अजून आपल्या हातात नाही. शिरेतून रिंगर लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचं सलाईन, पण बेताने. २०२२ च्या एका चाचणीत भरमसाट सलाईन दिलेल्यांच्या अंगात २०.५ टक्के वेळा पाणी साचलं, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के, आणि फायदा काही नाही, म्हणून ती मध्येच थांबवली. दुखण्यावर भरपूर औषध. पोट उपाशी न ठेवता जमेल तितक्या लवकर तोंडाने किंवा नळीने अन्न. उगाच अँटिबायोटिक नाही. हे ऐकायला साधं वाटतं, पण याच साध्या गोष्टी नीट केल्याने तुमचा भाऊ घरी आला आहे.

आणि आता ऑपरेशन. आजार कशाने झाला ते तुम्हाला ठाऊक आहे : खडे. ते अजून पोटात आहेत. सौम्य झटका आलेल्या रुग्णांचा नेदरलँड्समधलाच २०१५ चा अभ्यास आहे : रुग्णालयातल्या त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्क्यांना पुढे खड्यांचा त्रास झाला. महिनाभर थांबून काढायचं ठरलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. तो एका महिन्याच्या थांबण्याचा हिशेब आहे. तुमच्या भावाचा झटका गंभीर होता, म्हणून सूज आणि साचलेलं पाणी ओसरेपर्यंत डॉक्टर थांबले, ते बरोबरच केलं. ती मुदत संपली की स्कॅन आणि ऑपरेशन. बंदी लागते १ जूनला. तोवर तो पुन्हा बोटीवर जाणार, पुन्हा किनाऱ्यापासून लांब. मालकाशी तुम्ही किंवा वहिनींनी बोला, काही आठवडे दुसरा तांडेल मिळतो. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी जाऊन विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. तोवर तेलकट कमी, दारू अजिबात नाही, आणि पोटातून पाठीत जाणारं दुखणं पुन्हा आलं तर पित्ताचं इंजेक्शन घेत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

प्रश्न : आमच्या पोलादपूर भागात भातकापणीला विंचू फार चावतात. विंचवाच्या विषाने स्वादुपिंडाला सूज येते असं ऐकलं. खरं का?
– एक शेतकरी वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : खरं आहे, पण तो विंचू आपला नव्हे. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या टिटियस जातीच्या विंचवाने चावलेल्यांत स्वादुपिंडदाह होतो, हे १९७० पासून छापील आहे. त्याचं विष मज्जातंतूंच्या टोकांतून रसायनं सोडवतं आणि ग्रंथीला एकसारखं डिवचत राहतं.

तुमच्या बांधावरच्या लाल विंचवाचा घाव हृदय आणि फुप्फुसांवर असतो. हात-पाय गार पडणं, दरदरून घाम, उलट्या, छातीत धडधड, खोकल्यातून फेस ही चिन्हं दिसली की मांत्रिक, चिरा देणं, आवळून बांधणं यांत वेळ घालवू नका. तुमच्या शेजारी महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू खूप खाली आले. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर सुधारतो, हेही महाडच्याच अभ्यासातून २०११ साली पुढे आलं. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे कापणी सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीतून विचारून ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी फार्मसीच्या पदव्युत्तर वर्गात आहे. माझा प्रकल्प स्वादुपिंडदाहावर आहे, आर्जिनिन देऊन उंदरांत आजार करायचा आणि एक अर्क तपासायचा. मार्गदर्शकांनी आधीच्या प्रबंधावरून पद्धत घ्यायला सांगितली. पण त्या उंदरांचं काय होणार हे वाचून मला झोप लागत नाही. हे करणं योग्य आहे का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुला झोप लागत नाही, याचा मला आनंद आहे. ज्यांना सहज लागते त्यांच्या हाती उंदीर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाला हा आजार झाला की त्याला मॉर्फिनच्या जातीची औषधं लागतात, इतकं दुखतं. उंदराला कमी दुखतं असं मानायला काहीही आधार नाही. तो ओरडत नाही, एवढंच. पिंजऱ्यात कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसतो, अंगावरचे केस उभे राहतात, डोळे अर्धे मिटतो, आणि डोळ्यांच्या-नाकाच्या कडेला लालसर तपकिरी थर जमतो. नवखे विद्यार्थी ते रक्त समजतात, पण तो डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो. निरोगी उंदीर तो चाटून साफ करतो, त्रासलेला करत नाही. हे तू रोज, एकाच वेळेला, प्रत्येक उंदरासाठी वहीत लिहायचंस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधीच्या प्रबंधातली पद्धत जशीच्या तशी उचलणं मला मान्य नाही. त्यात अर्क आर्जिनिनच्या आधी दिलेला असणार अशी माझी दाट शंका आहे. आजार होऊन काही तास गेल्यावर दिलेला एक गट तुझ्या प्रयोगात नसेल, तर त्या उंदरांनी सोसलेल्या वेदनांचा कुठल्याही रुग्णाला उपयोग नाही, आणि मग तो प्रयोग मी योग्य म्हणणार नाही. तसा गट असेल, उंदरांची संख्या सांख्यिकीवाल्यांना विचारून ठरवली असेल, कुठल्या उंदराला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं असेल आणि काप तपासणाऱ्याला गट माहीत नसेल, तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. अवयव एकामागोमाग निकामी होणं अजून तरी पेशींच्या ताटलीत दाखवता येत नाही. पण अर्काचा पेशींवर काही परिणामच नसेल तर ते आधी सुट्या पेशींवर कळतं, तेव्हा तेवढं आधी कर. २०२३ पासून आपल्या औषध-चाचणी नियमांतही प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली आहे.

कायदा तुझ्या बाजूने आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय एकाही उंदराला सुई लावता येत नाही. त्या समितीत पशुवैद्य असतो, बाहेरचे सदस्य असतात. त्यांना अर्ज वाचायचा असतो, सही करायची असते, पण प्रश्न विचारायला त्यांना तपशील तरी दिसला पाहिजे. ‘वेदनाशामक दिलं तर दाहावर परिणाम होईल’ असं कारण देऊन ते गाळण्याची पद्धत आहे. सगळ्या गटांना ब्युप्रेनॉर्फिन हे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक सारखंच दिलं तर गटागटांतली तुलना टिकते. त्याला परवाना लागतो, तो विभागाकडे आहे का ते आजच विचार, नसेल तर मिळायला वेळ लागेल.

मार्गदर्शकांशी बोलताना भांडणाचा सूर नको. सरळ म्हण, सर, रुग्ण दुखल्यावर येतो, म्हणून मला एक गट नंतरच्या डोसचा हवा आहे. चांगल्या मार्गदर्शकाला हे पटायला पाच मिनिटं लागतात. मग समितीकडे परवानगी मागायचा फॉर्म ‘बी’ भरताना त्यात लिही : अर्क आजारानंतर कितव्या तासाला देणार, वेदनाशामक किती आणि किती वेळाने, वजन किती टक्के उतरलं किंवा कुठली लक्षणं दिसली की त्या उंदराला वेदनारहित मरण देणार, आणि पहिल्या दोन रात्री पिंजऱ्यांजवळ कोण असणार.